प्रोस्टेटची वाढ आणि विषाणूचा माग

प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन होतं तेव्हा लघवीची वाट अडवणारा ग्रंथीचा भाग विजेवर तापलेल्या तारेच्या कड्याने खरवडून काढतात. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय असो की अमरावतीचा एखादा खाजगी दवाखाना, पद्धत हीच. पाण्याबरोबर बाहेर आलेले ते नखाएवढे, कडेला वळलेले तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातात. तिथून पॅथॉलॉजीत, मग मेणाच्या ठोकळ्यात. त्या ठोकळ्याचा केसाहूनही पातळ काप काचेवर घेऊन रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी-जांभळं चित्र उभं राहतं. रिपोर्टमध्ये पहिली ओळ असते ती साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या वाढीची. घरचे लोक तेवढीच वाचतात, ‘कॅन्सर नाही’ म्हणून सुस्कारा सोडतात आणि कागद फाइलमध्ये ठेवतात. पण पुष्कळ रिपोर्टांत त्याच ओळीला जोडून आणखी एक नोंद असते: जुनाट, कारण न सांगता येणारा दाह. काचेवर हा दाह गडद निळ्या ठिपक्यांच्या घोळक्यांसारखा दिसतो. ते ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, आपल्या शरीराच्या संरक्षक पेशी. एरवी त्या कुठे इतक्या संख्येने जमल्या तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात की कोणता जंतू आला होता. प्रोस्टेटच्या बाबतीत मात्र हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. तो विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर शोधण्याची सामग्री आपल्याच जिल्ह्यांतल्या कपाटांत पडून आहे.

आधी पक्कं काय ठाऊक आहे ते पाहू. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेभोवती असलेली ग्रंथी. तरुणपणी तिचं वजन २० ग्रॅमच्या आसपास असतं. वाढ सुरू होते ती नलिकेला चिकटून असलेल्या आतल्या भागात. जॉन मॅकनील या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ही जागा नेमकी दाखवून दिली. कर्करोग बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात होतो, साधी वाढ आतल्या भागात. पन्नाशीतल्या निम्म्या पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसते आणि ऐंशीच्या पुढे ती दहापैकी आठ-नऊ जणांत असते. पुरुष-संप्रेरकाशिवाय ती होत नाही, हेही निर्विवाद आहे. चिनी राजदरबारातल्या खच्ची केलेल्या वृद्ध सेवकांची १९६० मध्ये बीजिंगमध्ये तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या प्रोस्टेट जवळजवळ हाताला लागत नव्हत्या. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधली काही कुटुंबं अभ्यासली गेली. तिथल्या काही पुरुषांत टेस्टोस्टेरॉनचं अधिक जोरकस रूप, म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, तयार होत नव्हतं आणि त्यांच्या प्रोस्टेट लहानच राहिल्या होत्या. या धाग्यावरूनच फिनॅस्टेराइड हे औषध आलं. अमेरिकेत १९९२ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि आज वऱ्हाडातल्या मेडिकलच्या दुकानांतही ते सहज मिळतं.

एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता, पण मिटत नाही. वय वाढतं तसं रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमी होत जातं आणि ग्रंथी मात्र वाढतच राहते. शिवाय संप्रेरक सगळ्याच पुरुषांत असतं, वाढही बहुतेकांत होते, तरी एकाच वयाच्या दोन भावांपैकी एकाची ग्रंथी ३० ग्रॅमवर थांबते आणि दुसऱ्याची १०० च्या पुढे जाते. एक रात्रीतून एकदा उठतो, दुसऱ्याची लघवी एका रात्री साफ तुंबते आणि नळी टाकावी लागते. म्हणून ग्रंथी का वाढते यापेक्षा याचीच इतकी का वाढली हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. संप्रेरक जमीन तयार करतं. पीक कमी-जास्त कशामुळे येतं ते निराळं शोधावं लागेल.

दाहाचा पुरावा इथेच उपयोगी पडतो. ड्युटॅस्टेराइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत सुरुवातीलाच आठ हजारांहून अधिक पुरुषांच्या प्रोस्टेटचे तुकडे तपासले गेले. त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जणांत जुनाट दाह होता आणि दाह असलेल्यांच्या ग्रंथी सरासरीने मोठ्या होत्या. अमेरिकेत तीन हजारांवर पुरुषांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत काहींचे तुकडे घेतले होते. तिथेही दाह असलेल्यांचा त्रास पुढे वाढण्याचं आणि लघवी तुंबण्याचं प्रमाण अधिक आढळलं. हे कसं घडत असावं याचं चित्रही बरंच स्पष्ट झालं आहे. दाहाच्या जागी जमलेल्या लिम्फोसाइट इंटरल्यूकिन नावाची रसायनं सोडतात. त्यांतली काही आसपासच्या आधार-पेशींना वाढीचा इशारा देतात. त्या पेशी स्वतःही वाढीची रसायनं तयार करू लागतात, नव्या लिम्फोसाइटना बोलावतात आणि हे चक्र आपल्या आपण फिरत राहतं. ठिणगी पाडणारा विझून गेला तरी आग धुमसत राहू शकते. मात्र पहिल्या चाचणीतली दुसरी गोष्टही सांगायला हवी. दाह असलेल्या आणि नसलेल्या पुरुषांच्या त्रासाच्या गुणांत फरक होता खरा, पण ३५ गुणांच्या मोजपट्टीवर तो सरासरी एका गुणाहूनही कमी होता. दाह खरा आहे, वाढीशी त्याचा संबंध आहे, पण एकटा दाह सगळं सांगत नाही.

आता ठिणगी कुणाची? नेहमीचे जीवाणू असतील तर लघवीच्या तपासणीत ते उगवतात, आणि जुनाट दाह असलेल्या बहुसंख्य पुरुषांच्या लघवीत काही उगवत नाही. म्हणून संशय विषाणूंकडे वळतो, कारण विषाणू नेहमीच्या कल्चरमध्ये दिसतच नाहीत. त्यांना प्रोस्टेटपर्यंत पोचायला वाटाही आहेत. एक मूत्रनलिकेतून वर चढण्याची, दुसरी रक्तातून, तिसरी मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या लघवीची. पुरुषाच्या वीर्यात आढळू शकणाऱ्या विषाणूंची मोजदाद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तो आकडा २७ भरला. त्यात झिका होता, इबोला होता, नागिणीच्या कुळातले कितीतरी होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, जननेंद्रियावर फोड आणणारा हर्पीस, सायटोमेगॅलो, आणि लहानपणी शिरून मूत्रपिंडात आयुष्यभर मुक्काम करणारा बीके विषाणू, या चौघांच्या खुणा प्रोस्टेटच्या तुकड्यांत वेगवेगळ्या प्रयोगशाळांना सापडल्या आहेत. पण आकडे भलतेच विस्कळीत. पॅपिलोमा विषाणूच्या बाबतीत एका प्रयोगशाळेला काहीच सापडत नाही, तर दुसरीला बऱ्याच नमुन्यांत सापडतं.

या विस्कळीतपणाचं एक कारण मला फार खटकतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. प्रोस्टेट आणि विषाणू यांवरचे बहुतेक अभ्यास साध्या वाढीवर नव्हते, ते कर्करोगावर होते. कर्करोगाच्या तुकड्यांशी तुलना करायला ‘निरोगी’ म्हणून काहीतरी हवं असतं, आणि सहज मिळतात ते साध्या वाढीच्या ऑपरेशनचे तुकडे. मग दोन्ही गटांत विषाणू सारख्याच प्रमाणात सापडला, तर निष्कर्ष निघतो की कर्करोगाशी याचा संबंध नाही, आणि अभ्यास तिथेच संपतो. पण त्या तुलनेतला दुसरा गट निरोगी नव्हताच, तोही एका आजाराचाच होता. विषाणू दोन्हीकडे असेल तर साध्या वाढीतही त्याचा हात असू शकतो, ही शक्यता तपासायची राहून गेली. वाढ न झालेल्या, त्याच वयाच्या पुरुषाची प्रोस्टेट तिसरा गट म्हणून घेतल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.

खुणा सापडणं म्हणजे कारण सापडणं नव्हे, हा धडा याच ग्रंथीने फार महागात शिकवला आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी काही रुग्णांच्या प्रोस्टेट कर्करोगात उंदरांच्या विषाणूसारखा एक नवाच विषाणू सापडल्याचं जाहीर केलं. त्याला एक्सएमआरव्ही हे नाव पडलं. २००९ मध्ये दुसऱ्या एका गटाने तोच विषाणू दीर्घ थकव्याच्या रुग्णांच्या रक्तात आढळल्याचं ‘सायन्स’ नियतकालिकात छापलं. जगभर खळबळ उडाली, आणि काही रुग्णांनी तर एचआयव्हीवरची औषधंही घ्यायला सुरुवात केली. मग २०११ मध्ये कोडं उलगडलं. एका माणसाच्या प्रोस्टेटची गाठ १९९० च्या दशकात प्रयोगासाठी उंदरांच्या अंगात वाढवत असताना उंदरांतल्या दोन विषाणूंचे तुकडे जुळून हा विषाणू प्रयोगशाळेतच जन्माला आला होता. तिथून तो पेशींबरोबर, रसायनांबरोबर या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. डिसेंबर २०११ मध्ये ‘सायन्स’ने आपला लेख मागे घेतला आणि २०१२ मध्ये मूळचा २००६ चा लेखही मागे घेण्यात आला. माणसाच्या प्रोस्टेटमध्ये तो विषाणू कधी नव्हताच.

म्हणून साध्या वाढीच्या तुकड्यांतल्या खुणांकडेही तितक्याच कडकपणे पाहावं लागतं. दुर्बीण मूत्रनलिकेतून आत जाते आणि तुकडे त्याच वाटेने बाहेर येतात. पॅपिलोमा विषाणू नलिकेच्या अस्तरात राहू शकतो, बीके लघवीतून सुटत राहतो. तुकड्यात सापडलेला विषाणू ग्रंथीचा रहिवासी की वाटेत चिकटलेला वाटसरू, हे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या नुसत्या पीसीआर चाचणीने कळत नाही. त्यासाठी विषाणू नेमका कोणत्या पेशीत बसला आहे हे काचेवर रंगवून दाखवावं लागतं, आणि तो निळ्या ठिपक्यांच्या घोळक्याजवळच आहे की भलतीकडे, हेही पाहावं लागतं. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी तर इथे जवळपास निरुपयोगी आहे. आपल्या देशात सायटोमेगॅलोचे प्रतिपिंड बहुतेक सगळ्याच प्रौढांत सापडतात. ज्याची वाढ झाली त्याच्यात आहेत आणि ज्याची झाली नाही त्याच्यातही आहेत, तर त्यावरून भेद कसा करणार? अमेरिकेतल्या एका मोठ्या कर्करोग-तपासणी प्रकल्पातल्या पुरुषांत लैंगिक संसर्गांचे प्रतिपिंड आणि प्रोस्टेटचा त्रास यांची तुलना केली गेली, तेव्हा निकाल बहुतांशी नकारार्थी आला. तो निकाल मी बाजूला सारत नाही. निदान एवढं तो सांगतो की कुणी एकच विषाणू सगळ्या वाढीमागे असेल ही कल्पना सोडून द्यावी.

याहून वजनदार आक्षेप दोन आहेत. पहिला असा की म्हाताऱ्या कुत्र्यांचीही प्रोस्टेट वाढते, खच्ची केलेल्या कुत्र्यांची वाढत नाही. मग वय आणि संप्रेरक पुरेसं असताना विषाणू कशाला मध्ये आणायचा? वाढ सुरू होण्यापुरता हा आक्षेप मला पटतो. पण वर म्हटल्याप्रमाणे प्रश्न माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, आणि संप्रेरकांच्या पातळीवरून तो फरक नीट उलगडत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. दाह हे वाढीचं कारण नसून परिणाम असेल तर? ग्रंथी वाढली की तिच्या बारीक नळ्या दाबल्या जातात, स्राव साचतो, लघवी उलटी आत शिरते, आणि त्यानेच लिम्फोसाइट जमतात. लठ्ठपणा आणि मधुमेहातही शरीरभर मंद दाह असतो आणि प्रोस्टेटच्या वाढीशी त्यांचा संबंध दिसून आला आहे. याला आजच्या पुराव्यावर पुरतं उत्तर देता येत नाही. पण एक वेगळी दिशा सूचक आहे. अमेरिकी सैन्यातल्या तरुणांचं साठवलेलं रक्त तपासलं, तेव्हा काहींना लैंगिक आजार किंवा अंगभर पसरणारा विषाणूसंसर्ग झालेला असताना प्रोस्टेटमधून रक्तात येणारं पीएसए हे प्रथिन वाढलेलं आढळलं. या वयात ग्रंथी वाढलेली नसते, लघवी अडलेली नसते. म्हणजे वाढीच्या कितीतरी वर्षं आधी संसर्गाची झळ प्रोस्टेटला पोचू शकते. कारण परिणामाच्या आधी असावं लागतं, ही ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कसोट्यांतली सर्वांत कडक कसोटी, आणि तिच्या दिशेने टाकलेलं हे पहिलं पाऊल आहे.

कोविडने हा विषय वऱ्हाडाच्या दाराशी आणून ठेवला. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशाच्या बहुतेक भागांत साथ ओसरलेली असताना अमरावती, अकोला, यवतमाळात रुग्ण झपाट्याने वाढले आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. कोविडचा विषाणू पेशीत शिरताना टीएमपीआरएसएस२ नावाच्या प्रथिनाची मदत घेतो. हे प्रथिन प्रोस्टेटमध्ये मुबलक असतं आणि त्याचं उत्पादन पुरुष-संप्रेरकाच्या हुकमावर चालतं. प्रोस्टेटच्या त्रासासाठी आधीच औषध घेणाऱ्या पुरुषांचा एक अभ्यास हाँगकाँगमधून आला. त्यात कोविड झालेल्यांत लघवी तुंबण्याचं, लघवीतून रक्त जाण्याचं प्रमाण अधिक दिसलं. हा पुरावा मी जपूनच घेतो. अंथरुणाला खिळलेल्या, नाना औषधं चालू असलेल्या माणसाची लघवी इतर कारणांनीही तुंबते. पण त्या साथीने आणखी एक गोष्ट मागे ठेवली. २०२० मध्ये अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात विषाणू तपासण्याच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. तोपर्यंत नमुने नागपूर-पुण्याला जात. आरटी-पीसीआर करणारे हात आता इथे तयार आहेत.

इथल्या माणसाला एक प्रश्न हमखास पडेल, तो टाळून चालणार नाही: हे सगळं खाऱ्या पाण्यामुळे तर नाही? पूर्णेच्या खोऱ्यात, तेल्हारा, अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे आणि किडनीच्या आजारांची तक्रार तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती तक्रार खरी आहे, तिच्यावर काम व्हायलाच हवं. पण खारं पाणी प्रोस्टेट वाढवतं याला आधार नाही. खारपाणपट्ट्यात धोका निराळाच आहे. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवी मूत्राशयात साचून राहिली की तिचा दाब वर मूत्रपिंडांवर येतो आणि ती हळूहळू निकामी होतात. ‘इथलं पाणीच असं, किडन्या जायच्याच’ म्हणून घरचे बसून राहिले, तर वेळेत ऑपरेशन करून वाचू शकली असती अशी मूत्रपिंडंही जातात. आणि ज्याची मूत्रपिंडं आधीच नाजूक आहेत, त्याने प्रोस्टेटमध्ये दाह असतो असं कुठेतरी वाचून रोज दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर अपाय दुप्पट होईल.

मग नेमकं काय करता येईल? अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये आणि अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी विभाग आहेत. अशा विभागांत मेणाचे ठोकळे वर्षानुवर्षं जपून ठेवायची पद्धत असते आणि मेणातल्या ऊतीतून डीएनए काढता येतो. नैतिक समितीच्या परवानगीने, नावं पुसून, तीन गट करावेत: दाहासह वाढ, दाहाविना वाढ, आणि त्याच वयाची पण न वाढलेली प्रोस्टेट. हा तिसरा गट मिळवणं अवघड आहे. मूत्राशयाच्या कर्करोगात प्रोस्टेटसह काढलेली ऊती, किंवा नातेवाइकांच्या संमतीने शवविच्छेदनात घेतलेली ऊती, असे दोनच मार्ग दिसतात. दुसऱ्या मार्गाने मूत्रनलिकेतून चिकटणाऱ्या विषाणूची शंकाही बरीच कमी होते. प्रत्येक तुकडीबरोबर ऊती नसलेला, नुसत्या मेणाचा ठोकळाही त्याच यंत्रातून जावा. त्यात विषाणू ‘सापडला’ तर भेसळ प्रयोगशाळेतच आहे हे लगेच कळेल. कोणता नमुना कोणत्या गटातला हे तपासणाऱ्याला माहीत नसावं, आणि तेच नमुने अकोला व अमरावती दोन्हीकडे स्वतंत्रपणे तपासले जावेत. एक्सएमआरव्हीच्या वेळी ही काळजी सुरुवातीलाच घेतली गेली असती, तर ती वर्षं वाचली असती. कोविडच्या विषाणूसारखे आरएनए असलेले विषाणू जुन्या मेणात नीट टिकत नाहीत. त्यांच्यासाठी नवे तुकडे ऑपरेशनच्या टेबलावरून थेट गोठवावे लागतील, म्हणजे खर्च वाढेल. पण पॅपिलोमा, हर्पीस, सायटोमेगॅलो, बीके हे चौघे डीएनएचेच विषाणू, त्यांच्यासाठी जुने ठोकळे चालतात. तीनही गटांत विषाणू सारखाच निघाला, तर संशयितांच्या यादीतून तो खोडता येईल, आणि असा नकारही मला मोलाचा वाटतो. दाहाच्या गटात तो ठळकपणे जास्त आणि घोळक्याच्या पेशीतच बसलेला सापडला, तर पुढची पायरी म्हणजे त्या पुरुषांच्या ग्रंथी सोनोग्राफीवर वर्षानुवर्षं मोजत राहणं.

पॅपिलोमा विषाणूपुरती आणखी एक परीक्षा आपोआप चालू झाली आहे. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून मुलग्यांनाही त्याची लस द्यायला सुरुवात केली. ती मुलं पन्नाशीत येतील तेव्हा त्यांच्यातली प्रोस्टेटची वाढ आधीच्या पिढीशी ताडून पाहता येईल. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्याच विषाणूवरची स्वतःची लस भारतात तयार केली आहे, ती मुख्यतः गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्यासाठी. तो हेतू स्वतःच्या बळावर पुरेसा आहे. प्रोस्टेटचं नाव त्या लसीला आजच चिकटवणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आज ज्याला त्रास आहे त्याच्यासाठी विषाणूचा हा शोध काहीच बदलत नाही. विषाणूवरची औषधं प्रोस्टेटच्या वाढीवर देऊ नयेत, आणि लघवीत जंतू नसताना अँटिबायोटिकचे कोर्सही देऊ नयेत. टॅमसुलोसिनसारखी नलिका सैल करणारी औषधं, ग्रंथी आक्रसवणारं फिनॅस्टेराइड किंवा ड्युटॅस्टेराइड, आणि गरज पडल्यास दुर्बिणीचं ऑपरेशन, हेच कसाला उतरलेले उपाय आहेत. यात संसर्गाचा उल्लेख आला म्हणून कुणा सत्तरीच्या माणसाने आपल्या चारित्र्यावर बोट आल्यासारखं वाटून घेण्याचंही कारण नाही. बीके आणि सायटोमेगॅलो बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच शिरतात. लघवीची धार बारीक झाली, जोर लावावा लागतो, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, तर सोनोग्राफी करून लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते ते मोजून घ्यावं, आणि मूत्रपिंडांचं काम कळण्यासाठी रक्तात क्रिएटिनिन पाहावं. लघवी पूर्ण अडली आणि ओटीपोट फुगलं तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा. ऑपरेशन झालंच, तर रिपोर्ट पहिल्या ओळीपाशी मिटून न ठेवता दाहाची नोंद आहे का ते डॉक्टरांना विचारावं आणि कागद जपून ठेवावा.